व्यवहारातील तंटे आणि मध्यस्थीचा मार्ग



व्यापार म्हटला की देणे-घेणे आले आणि देणे-घेणे आले की कधी ना कधी तंटाही आला. तंटा उद्भवणे यात कमीपणा नाही. तो कोठे आणि कोणत्या रीतीने मिटतो, यावर पेढीचे व घराचे पुढील आयुष्य अवलंबून असते. न्यायालयात एक पक्ष जिंकतो खरा; परंतु तोपर्यंत पुष्कळदा दोन्ही पक्षांचा पैसा, उमेद आणि नाते संपुष्टात आलेले असते.

या संदर्भात दक्षिण आफ्रिकेतील एका खटल्याची हकीकत मुळातून पाहण्यासारखी आहे. १८९३ साली तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी तेथे गेले ते पोरबंदरकडील मेमण व्यापारी दादा अब्दुल्ला यांच्या कामासाठी. त्यांचा आपलेच नातलग तय्यब शेठ यांच्यावर ४०,००० पौंडांचा दावा होता. कागदपत्रे अभ्यासल्यावर अशिलाची बाजू भक्कम असल्याचे गांधींना दिसले. परंतु दावा लांबला तर एकाच गावचे हे दोन्ही नातलग बुडतील, हेही दिसले. वकिलांची फी वाढत चालली होती आणि दोघेही व्यापारी धंदा बाजूला ठेवून खटल्यापाठी धावत होते. गांधींनी तय्यब शेठांची भेट घेतली, लवाद नेमण्यास त्यांना राजी केले, आणि लवादापुढे दादा अब्दुल्ला जिंकले.

ही गोष्ट बहुधा येथेच संपवली जाते. वस्तुतः तिचा मोलाचा भाग पुढेच आहे. ३७,००० पौंड आणि वर खर्च, एवढी रक्कम तय्यब शेठांना एकरकमी देणे अशक्य होते. पै न् पै चुकवण्याची त्यांची तयारी होती. दिवाळे मात्र नको होते, कारण त्या व्यापाऱ्यांत दिवाळखोरीपेक्षा मरण बरे मानले जाई. मार्ग एकच होता, तो म्हणजे झेपतील असे हप्ते. हे हप्ते मान्य करवून घेणे लवाद मान्य करवून घेण्यापेक्षाही अवघड गेले, असे गांधींनी आत्मकथेत नमूद केले आहे. अखेर दादा अब्दुल्लांनी दीर्घ मुदत दिली आणि दोघांचीही बाजारातील पत राखली गेली. (एका पक्षाच्या वकिलानेच मध्यस्थी करणे आजच्या नियमांत बसणारे नाही, ही गोष्ट अलाहिदा.)

लवाद आणि मध्यस्थी यांतील भेद या एकाच प्रकरणात स्पष्ट होतो. लवाद दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो व तो बंधनकारक असतो. मध्यस्थ निवाडा देत नाही. उभयपक्षांना निभावता येईल असा तोडगा त्यांच्याच तोंडून निघेपर्यंत तो धीर धरतो.

सार्वजनिक जीवनातही ही रीत उपयोगी पडली आहे. १९१८ च्या अहमदाबाद गिरणी तंट्यात गिरणीमालकांच्या बाजूस अंबालाल साराभाई होते, तर कामगारांच्या बाजूस त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन! मालक २० टक्के वाढीवर अडले होते, कामगार ३५ टक्क्यांवर. समेट असा झाला : पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २० टक्के, तिसऱ्या दिवसापासून निवाडा होईपर्यंत साडेसत्तावीस टक्के. दोन्ही पक्षांचा शब्द राहिला आणि गिरण्या सुरू झाल्या. पुढे लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्क्यांचाच निवाडा दिला.

आज कायदाच व्यापाऱ्याला या वाटेने पाठवतो. वाणिज्य न्यायालय कायद्यात २०१८ साली आलेल्या कलम १२-अ नुसार, तीन लाख वा अधिक रकमेच्या व्यापारी दाव्यात तातडीचा अंतरिम दिलासा नको असेल, तर प्रथम मध्यस्थीसाठी अर्ज करावा लागतो. हे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. यासाठी तीन महिने मिळतात, संमतीने आणखी दोन. आणि हा काळ मुदतीच्या कायद्यात धरला जात नाही. येथे झालेल्या समझोत्यास लवादाच्या निवाड्याचे बळ असते. २०२३ मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही संमत झाला.

समाजाच्या पंचांचे काय? वडीलधाऱ्यांनी बसवून मिटवलेले तंटे आपल्याकडे नवे नाहीत, आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. तथापि त्या बैठकीत विधवा सून, विवाहित भगिनी किंवा धाकटा भाऊ अनेकदा केवळ भिडेपोटी मान डोलावतात. तशा होकारास संमती म्हणता येत नाही. म्हणून पंचांनी प्रत्येकाशी एकांतात बोलावे, तेथे ऐकलेले दुसऱ्या बाजूस सांगू नये, आणि दुर्बल बाजूस वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा. ज्या पंचाचे एका पक्षाशी देणे-घेणे वा सोयरीक असेल, त्याने आपण होऊन बाजूस व्हावे.

समझोता झाल्यावर तो लेखी करण्यात आळस नको. कोणी किती रक्कम, कोणत्या तारखेस द्यायची. हप्ता चुकल्यास काय. पेढीचे नाव कोणाकडे राहील. कराची जुनी थकबाकी कोण भरील, हे त्यात यावे. निवृत्त होणाऱ्या भागीदाराने बँकेस दिलेली वैयक्तिक हमी तर हमखास विसरली जाते. घरात समेट झाला तरी बँकेने लेखी मुक्तता दिल्याखेरीज ती हमी सुटत नाही, आणि वर्षांनंतर नोटीस त्याच्याच दारी येते. स्थावर मिळकतीची वाटणी लेखाने होत असेल, तर मुद्रांक व नोंदणीचे काम पक्ष उठून जाण्यापूर्वीच वकिलाकडे सोपवावे.