तात्या विंचू आणि रंगमंचावरचा विनोद

भालकी, औराद, बसवकल्याणकडच्या मंडळींना तमाशातला सोंगाड्या नवा नाही. बतावणीत तो साध्या शब्दाचा भलताच अर्थ लावतो, वगात राजाला तोंडावर चार बोल सुनावतो, आणि राजाला ते निमूट ऐकून घ्यावे लागतात. ही जुनी युक्ती १९९३ साली महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मध्ये अद्भुतकथेचा वेश घेऊन आली.

गुंड तात्या विंचूचा आत्मा मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो. माणसाच्या रूपातला तात्या रंगवला दिलीप प्रभावळकरांनी, म्हणजे रंगभूमीवर मुरलेल्या नटानं. बाहुला होता शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा. त्यांचे वडील वाय. के. पाध्ये यांचा अर्धवटराव हा बोलका बाहुला रंगमंचावर आधीच गाजलेला. बोलक्या बाहुल्यांच्या खेळाचा नियमच असा, की बाहुला वात्रट आणि मालक बिचारा. मालकाला जे बोलवत नाही, ते बाहुला बेधडक बोलतो. चित्रपटात जोडी तीच. फक्त इथला बाहुला खरोखर जिवंत. त्याचा मालक, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या, जीव तोडून सांगतो, की घडलेले गुन्हे बाहुल्यानं केलेत. पण विश्वास कोण ठेवणार? प्रेक्षकांना सगळं ठाऊक आणि पात्रं अंधारात, हे तर प्रहसनाचं हुकमी हत्यार.

१९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी भयपटातही खुनी बाहुलाच होता. आपल्याकडे मात्र भीतीच्या पाठोपाठ हशा येतो. २०१३ साली ‘झपाटलेला’चा दुसरा भाग थ्रीडीत आला, तरी विनोदाची रीत मंचावरचीच राहिली. पुन्हा पाहाल तेव्हा संवादांच्या टायमिंगकडे जरूर लक्ष द्या.