वाढीव गुणांचं मैदान

सोयाबीन फुलावर येतं, त्या सुमारास वऱ्हाडात शालेय क्रीडा स्पर्धांची धामधूम सुरू होते. वयोगट तीन: 14, 17 आणि 19 वर्षांखालील. तालुका, जिल्हा, विभाग, मग राज्य. अमरावती विभागात अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीमही येतात. कबड्डी, खो-खोत बहुधा बाद पद्धत. एक सामना हरला की त्या वर्षापुरतं सगळं संपलं.

त्यात ठरावीक पातळी गाठणाऱ्या खेळाडूला दहावी-बारावीला वाढीव गुण, आणि पुढे पात्र खेळाडूंना शासकीय नोकरीत 5 टक्के आरक्षण. मग ईर्ष्या वाढणारच. या गुणांच्या ओढीला नावं ठेवायची माझी तयारी नाही. अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्मा मुळात अशाच गुणांसाठी क्रिकेटकडे वळला, असं त्यानंच सांगितलंय!

याच अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारलं. 1936 मध्ये मंडळाचा चमू बर्लिन ऑलिंपिकला गेला, पण पदकासाठी नव्हे. कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ जगाला दाखवायला गेला.

आता पालकांसाठी दोन गोष्टी. मैदानावरची बरीच भांडणं वयावरून होतात, म्हणून जन्मतारखेची कागदपत्रं शाळेकडून आधीच तपासून घ्या. आणि पंचाचा निर्णय पटला नाही, तर हरकत संघासोबतचे शिक्षक लेखी नोंदवतात. सीमारेषेवरून ओरडणाऱ्या बाबांची हरकत कुठल्याच वहीत लिहिली जात नाही.