पांढरी चरबी, पिवळी चरबी

गाईचें तूप पिवळसर आणि म्हशीचें पांढरें, हें श्रोत्यांच्या स्वयंपाकघरांतलें नित्याचें दृश्य आहे. दोघींच्या गव्हाणींत पुष्कळदां एकाच भाऱ्यांतला हिरवा चारा पडतो. मग रंग निराळा कां? हिरव्या पाल्यांत कॅरोटीन नांवाचें पीतद्रव्य असतें. म्हैस त्याचें बहुतेक सर्व रूपांतर ‘अ’ जीवनसत्त्वांत करून टाकते. गाईच्या शरीरांत मात्र त्याचा कांहीं भाग तसाच राहून दुधाच्या स्निग्धांशांत उतरतो. हा भेद दोन निरनिराळ्या प्राण्यांमधला झाला. पण एकाच विणीच्या भावंडांत असा भेद पडला, तर दोष चाऱ्याच्या माथीं मारावा कीं रक्ताच्या?

मांसासाठीं पाळलेल्या सशांनीं हाच प्रश्न उभा केला. सशाची चरबी सामान्यतः पांढरी असते. परंतु कातडें उतरल्यावर कांहीं ससे आंतून हळदीसारखे पिवळे निघतात. मांसांत अपायकारक असें कांहीं नसतें. तरीही गिऱ्हाईक तें रोगट समजून नाक मुरडतें आणि पाळणाऱ्याच्या श्रमांवर पाणी पडतें. केंब्रिजचे मायकेल पीज यांनीं या गुणाची आनुवंशिकता तपासली आणि १९२७ सालीं बर्लिन येथें भरलेल्या आनुवंशशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढें ती मांडली. चरबीचा हा रंग जनुकांच्या एकाच जोडीवर अवलंबून आहे. पांढरेपणा प्रबळ, पिवळेपणा दुर्बळ. म्हणून आईबाप दोघेही पांढऱ्या चरबीचे, पण दोघांच्याही अंगीं एकेक दुर्बळ जनुक लपलेला, असें असल्यास चार पिलांमागें सरासरी एक पिवळें निपजतें.

येथवर ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्याचा जय झाला असें वाटेल. पण त्याच पिवळ्या कुळांतील पिलांना जन्मापासून हिरवा पाला वर्ज्य करून पीतद्रव्य नसलेलें अन्न दिलें, कीं त्यांची चरबी पांढरीच राहते! कारण असें : गवतांत, कोबीच्या पानांत कॅरोटीनचें भावंड शोभणारें झँथोफिल असतें. सामान्य सशाच्या शरीरांतील एक एन्झाइम तें तोडून वर्णहीन करतें. पिवळ्या कुळांतील सशाजवळ तें एन्झाइम दुबळें असतें. पण जें पोटांत गेलेंच नाहीं तें चरबींत कोठून सांठणार? मुलाच्या नापास होण्याचें खापर त्याच्या आजोळावर फोडणाऱ्या वडिलांनीं हा ससा एकदां पाहावाच.

पुढें २०१५ सालीं पोलंडमधील संशोधकांना या सशांच्या बीसीओ-२ नांवाच्या जनुकांत तीन अक्षरें गळालेलीं आढळलीं. कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंगही याच जनुकाच्या प्रकारामुळें येतो. आणि तो प्रकार, २००८ च्या एका संशोधनाप्रमाणें, आपल्या सह्याद्रींत आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून पाळीव कोंबड्यांत आला.

व्यवसायाची खरी अडचण मात्र नराची. जिवंत सशाची चरबी दिसत नाहीं, आणि दिसली तरी पांढऱ्या चरबीआड लपलेला जनुक दिसत नाहीं. एकच नर अनेक विणींचा बाप होत असल्यामुळें त्याचा दोष कळपभर पसरतो. यासाठीं त्याचा संयोग पिवळ्या चरबीच्याच शुद्ध कुळांतील मादीशीं करावा. नर दोषवाहक असेल तर निम्मीं पिलें पिवळीं निघण्याचा संभव असतो. आठही पिलें पांढरीं निघालीं, तर दोष असूनही दृष्टीआड राहण्याची शक्यता २५६ मध्यें १ एवढीच उरते. मात्र पिलांना तोपर्यंत भरपूर हिरवा पाला घातलेला असला पाहिजे. चाऱ्यांत काटकसर केली, तर आठांपैकीं आठ पांढरीं निघूनही नराविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं.