विम्याची परीक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे, हे आपण सर्वजणी जाणताच. आजवर या मंडळात मी उभी राहिले ती हळदीकुंकवाच्या वर्गणीचा हिशेब सांगण्यापुरती. पण चिटणीसबाईंनी बजावले, “चाळिशी उलटल्यावर परीक्षा दिलीस, ती कशी दिलीस तेवढेच सांग.” तेव्हा तेवढेच सांगते.

आपल्या कासुर्डीला सोलापूर रस्त्याचे सुख आहे तसे दुःखही आहे. २०१४ साली माझे धाकटे दीर त्या रस्त्यावर गेले. तेरावा झाल्यावर जाऊबाईंनी ट्रंक उघडली, तर साड्यांच्या घडीखाली विम्याचा कागद सापडला. दोन वर्षांचे हप्ते भरलेले होते. पुढचे, विहिरीची मोटार जळाली त्या साली राहून गेले होते. त्या वेळच्या नियमाप्रमाणे तीन वर्षे हप्ते भरल्याशिवाय अशा कागदाला काही किंमत येत नसे. जाऊबाई रिकाम्या हाताने परत आल्या. कोणी फसवले नव्हते, कोणी खोटे बोलले नव्हते. फक्त त्यांना आणि मला, दोघींनाही, तो कागद वाचता येत नव्हता. त्यांची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती.

पुढे ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपतला आयुर्विमा महामंडळाची विमा सखी योजना सुरू झाली. दहावी झालेल्या, १८ ते ७० वयाच्या बायकांना त्यात घेतात, आणि ठरलेले काम केले तर पहिल्या वर्षी महिन्याला ७,००० रुपयांपर्यंत विद्यावेतन मिळते, असे घरोघर बोलणे झाले. मला आधी आठवले ते विद्यावेतन नव्हे, ती ट्रंक आठवली. मात्र विद्यावेतन अगदीच आठवले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल!

विमा प्रतिनिधी व्हायचे तर आधी पंचवीस तासांचे शिक्षण आणि मग परीक्षा. पन्नास प्रश्न, एक तास, शंभरात पस्तीस टक्के म्हणजे अठरा उत्तरे बरोबर हवीत. पेपर मराठीतून देता येतो. हे ऐकून मला वाटले, यात काय मोठे! मग पुस्तक हातात आले. मराठी म्हणावे तर मराठी, पण ‘परम सद्भाव’ म्हणजे काय हे मला आमच्या मामंजींनाही विचारून कळेना, आणि मामंजी पोथी वाचणारे.

पहाटे साडेचारला उठून मी स्वयंपाकघरात वाचीत असे. शब्द पाठ होत, अर्थ राहून जाई. शेवटी एके दिवशी भाकरीच्या परातीतल्या पिठावर बोटाने रेघा ओढून मी स्वतःला समजावले. समजा, आपल्या पट्ट्यात शंभर गुऱ्हाळे आहेत, प्रत्येकाची किंमत पाच लाख. वर्षाला सरासरीने एक जळते. कोणाचे, ते आधी कोणालाच ठाऊक नाही. प्रत्येकाने पाच हजार काढून ठेवले तर ज्याचे जळेल त्याचे उभे राहते. झाला विमा! मग त्यात कचेरीचा खर्च येतो, गंगाजळी येते. पण मूळ एवढेच. आणि ‘परम सद्भाव’ म्हणजे ज्याचे गुऱ्हाळ आधीच धुमसते आहे त्याने ते न सांगता वर्गणी भरू नये.

इतिहासाचे प्रकरण मला फार आवडले. १८७० साली मुंबईत ‘बॉम्बे म्युच्युअल’ निघाली, तोपर्यंत आपल्या माणसांचा विमा उतरवायला गोऱ्या कंपन्या जादा हप्ता मागत. तिने तो भेद काढून टाकला. पुढे २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. १९९९ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण आले आणि त्यानंतर खासगी कंपन्यांना दार उघडले. हे सारे मी एका बैठकीत वाचले. व्याजाची गणिते मात्र दूध उतू जाईपर्यंत सुटली नाहीत.

प्रश्न विचारण्याचे काम पुतणीने घेतले. तीच ती, ट्रंक उघडली तेव्हा पाच वर्षांची होती. आता ती माझ्याहून चांगले वाचते. एका रात्री तिच्या हाती बंद पडलेल्या विम्याचे प्रकरण आले. हप्त्याची तारीख उलटली तरी सवलतीचे दिवस असतात, साधारणपणे महिनाभर. हप्ता दरमहा असेल तर पंधरा. तेही गेले तरी ठरलेल्या मुदतीत थकबाकी आणि व्याज भरून, लागल्यास प्रकृतीचा दाखला देऊन, विमा पुन्हा जिवंत करता येतो. तिने ते शेवटपर्यंत वाचले, पुस्तक मिटले आणि विचारले, “काकू, म्हणजे तेव्हा कोणी सांगितले असते तर?” जाऊबाई पलीकडे लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्या रात्री आमचा अभ्यास पुढे झाला नाही.

पहिल्या खेपेस मी नापास झाले. सोळा आले. येत नव्हते म्हणून नव्हे. पुण्याच्या केंद्रात संगणकापुढे बसवले, आणि त्या कोपऱ्यातल्या घड्याळाचे आकडे उलटे पळू लागले की माझे हातच थिजत. तो माऊस तर भिंतीवरच्या पालीसारखा नको तिकडे जाई. चौदा प्रश्नांना मी हातही लावला नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हे मला ठाऊक होते तरी! घरी आले तेव्हा ह्यांनी काही विचारले नाही, चहा करून दिला. मग महिनाभर पुतणी मला संगणकावर बसवून पुढ्यात घड्याळ ठेवी. दुसऱ्या खेपेस एकतीस आले.

आता अभ्यासात मिळालेल्या दोन-तीन गोष्टी तुमच्या पदरात टाकते. त्यांना परीक्षा द्यावी लागत नाही. घरी गेल्यावर विम्याच्या कागदावर नाव कोणाचे लावले आहे ते पाहा. लग्नाआधीच्या कागदावर बहुधा सासूबाईंचे असते. नवा कागद हाती आला आणि अटी पटल्या नाहीत, तर तीस दिवसांत परत करता येतो. आणि विवाहित स्त्रियांच्या संपत्तीचा १८७४ चा कायदा आहे. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे नवऱ्याने बायकोमुलांच्या हितासाठी म्हणून स्वतःचा विमा उतरवला, तर ती रक्कम त्यांचीच. फसवणुकीने काढलेला नसेल तर सावकाराला तिच्यावर हात टाकता येत नाही. आपल्या भागातल्या हिंदू घरांना हे कलम १९२३ पासून लागू आहे. शंभर वर्षे झाली आणि मला ते आत्ता कळले! पण ते विमा उतरवतानाच मागावे लागते, मागाहून नाही.

काही जणी हसत म्हणतात, “पहिला हप्ता तुझ्या कमिशनातून भर की!” बायांनो, तसे आमिष दाखवायला कायद्याने मनाई आहे, दंड दहा लाखांपर्यंत आहे. माझी म्हैस विकूनही तो फिटायचा नाही.

परीक्षा सोपी होती असे आता वाटते. आपल्यातलीच एक मैत्रीण आहे, तिचे नाव सांगत नाही. तिच्या यजमानांना साखरेचा आजार आहे. ती म्हणाली, “तेवढे लिहू नकोस गं, हप्ता वाढतो.” मी तिला समजावले, लपवले आणि तीन वर्षांच्या आत काही बरेवाईट झाले तर कंपनी कागद उकरून काढील आणि तुला पैसे मिळणार नाहीत. ती रागावली. दोन महिने माझ्याशी बोलली नाही, नळावरही तोंड फिरवी. मला राहून राहून वाटे, लिहिले नसते तर काय झाले असते? मग जाऊबाईंचा लसूण सोलणारा हात डोळ्यांपुढे येई.

परवा ती आपण होऊन घरी आली. अर्ज अजून माझ्या पिशवीत आहे, आजाराच्या रकान्यापुढे जागा कोरीच आहे. सोमवारी यजमानांचे रक्त तपासायला ती यवतला जाणार आहे आणि मला म्हणाली, “तूही चल सोबत.”