पाइप, पिशवी आणि सापाच्या बरगड्या



मृग लागला की गावोगावच्या सर्पमित्रांचे फोन वाजू लागतात. मोरीत नाग, सरपणात घोणस, पायरीच्या फटीत मण्यार. निघताना सर्पमित्र मोटरसायकलला जे साहित्य अडकवतो, त्यातलं बरंचसं घरीच तयार झालेलं असतं. वेल्डिंगवाला, शिंपी आणि नळसामानाचा दुकानदार, एवढ्या तिघांकडे गेलं की काम होतं.

पहिली वस्तू हूक. साधारण 8 मिलिमीटरची सळई, टोकाला छत्रीच्या मुठीसारखी पण जरा उघडी वळवलेली. ते टोक ठोकून थोडं चपटं करायचं, म्हणजे फरशीवरच्या सापाच्या पोटाखाली ते अलगद सरकतं. मग कानस मारायची. बोट फिरवून कुठेही खरखर लागली नाही, की हूक तयार. लांबी निदान मीटरभर.

हूक उचलण्यासाठी असतो, दाबण्यासाठी नाही. घोणस जाड अंगाची, ती हुकावर बऱ्यापैकी टेकून राहते; धामण मात्र क्षणात सरपटून खाली. अजूनही अनेक ठिकाणी बेचक्याची काठी सापाच्या मानेवर दाबतात. सापाच्या कण्यात दोनशेहून अधिक मणके असतात आणि बहुतेकांना काडीसारख्या बरगड्यांची जोडी. वरून जोर पडला की त्या मोडतात. सोडलेला साप झुडपात निघून जातो, म्हणून तो वाचला असं वाटतं. आतून तो जायबंदी झालेला असू शकतो. सायकलच्या ब्रेकची तार लावून बनवलेल्या चिमट्याचीही हीच गत. मूठ किती आवळली गेली ते घाबरलेल्या हाताला कळत नाही. हा चिमटा घरी बनवूच नये.

चेन्नईजवळच्या इरुला जमातीचे लोक पिढ्यान् पिढ्या साप पकडतात. 1978 साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि त्यांनी पकडलेल्या सापांचं विष प्रतिविषासाठी जाऊ लागलं. त्यांच्या हातात काय असतं? बहुतेकदा एक साधी लोखंडी सळई. बाकी सगळं माग ओळखणाऱ्या नजरेत.

पण घरी बनणाऱ्या साहित्यात सगळ्यात गुणी जोडी पाइप आणि पिशवीची. तीन-चार इंच व्यासाचा, दोनेक फूट लांबीचा पीव्हीसी पाइप घ्यायचा. एका तोंडावर गडद रंगाच्या जाड सुती कापडाची लांब पिशवी ओढून जुन्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधायची. पाइप भिंतीलगत आडवा ठेवला, की कोपऱ्यात अडकलेल्या सापाला समोर बीळ दिसतं. त्याला अंधारच हवा असतो. सर्पमित्र बाजूला उभा राहून हुकाने शेपटीकडे हलकेच डिवचतो आणि साप आपणहून आत शिरतो. गडद कापड त्यासाठीच. पांढऱ्यातून उजेड झिरपला, तर ते त्याला बीळ वाटत नाही. सापाला हात लागत नाही, मान धरावी लागत नाही.

शिंप्याला मात्र नीट समजावून सांगावं लागतं. शिवण दुहेरी हवी आणि दुमड बाहेरच्या बाजूला. आत सुटा दोरा राहिला, तर लहान फुरसं त्यात गुरफटतं. घोणशीचे लांब दात कापडातून आरपार येतात, म्हणून पिशवी गाठीच्या वर धरायची, मांडीपासून दूर, आणि लगेच भोकं पाडलेल्या झाकणाच्या बादलीत ठेवायची.

हे साहित्य घरी बनवता येतं, पण ते वापरण्याची परवानगी घरी मिळत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी वनविभागाची परवानगी लागते, आणि हात जाणत्या माणसाजवळ घडवावा लागतो. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली. घरात साप दिसला, तर लांबून त्याच्यावर नजर ठेवावी, मुलांना बाहेर काढावं आणि सर्पमित्राला बोलवावं.

साप रानात सोडून आल्यावर सर्पमित्राचं एक काम उरतं. पिशवी उलटी करून धुवायची, उन्हात वाळवायची आणि दारात उभं राहून उजेडासमोर धरायची. सुईच्या टोकाएवढा जरी उजेड शिवणीतून आला, तरी त्या पिशवीचं त्याच दिवशी फडकं होतं.