यंत्रांनाही एकमेकांशी बोलता आलं पाहिजे



आपल्यापैकी कितीतरी जणींचं ऑपरेशन झालेलं असेल. कुणाची पिशवी काढली, कुणाचे पित्ताशयातले खडे. आपण भुलीत असतो, तेव्हा आपला जीव डॉक्टरांच्या आणि आजूबाजूच्या यंत्रांच्या हाती असतो. आज त्या यंत्रांविषयी बोलू या.

अमेरिकेत साधारण २० वर्षांपूर्वी उजेडात आलेली ही घटना. ३२ वर्षांच्या एका बाईचं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन चाललं होतं. मध्येच एक्स-रे काढायचा होता. छाती हलली की फोटो पुसट येतो, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांनी श्वास देणारं यंत्र क्षणभर बंद केलं. फोटो निघाला, पण फिल्म टेबलाखाली अडकली. डॉक्टर मदतीला गेले. फिल्म निघाली, ऑपरेशन पुढे सुरू झालं. हृदयाचे ठोके मंदावलेले दिसले, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं, श्वासाचं यंत्र बंदच राहिलंय! ती बाई वाचली नाही.

माणूस विसरतो. आपणही दूध गॅसवर ठेवून विसरतो. पण दोन्ही यंत्रं एकमेकांना जोडलेली असती, तर? श्वास सोडून झाला की त्याच क्षणी फोटो निघाला असता. श्वास थांबवायची वेळच आली नसती. अडचण अशी, की प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा वेगळी.

आपल्या बचत गटाचंच बघा. प्रत्येक गटाने मनाला येईल तशी वही लिहिली, तर बँकेला हिशोब लागेल का? रकाने सारखे असतात म्हणून लागतो. यंत्रांसाठीही असेच सारखे नियम लागतात. बोस्टनचे भूलतज्ज्ञ डॉ. ज्युलियन गोल्डमन यांनी २००४ मध्ये त्यासाठी काम सुरू केलं. पुढे जर्मनीतही दवाखाने, विद्यापीठं आणि कंपन्या एकत्र आल्या. आता असे आंतरराष्ट्रीय नियम तयार आहेत, पण ते पाळणारी यंत्रं सगळीकडे पोचलेली नाहीत.

एका बाबतीत मात्र हे जमलंय. सीटी स्कॅन, एमआरआयच्या फोटोंसाठी 'डायकॉम' नावाची एकच पद्धत जगभर चालते. म्हणून तालुक्याला काढलेल्या स्कॅनची सीडी पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांनाही उघडता येते.

तर मैत्रिणींनो, दोन गोष्टी करा. स्कॅन काढला की फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या आणि डिस्चार्ज कार्डासोबत जपून ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणी रुग्ण कल्याण समितीवर असेल, तर नवं यंत्र घेताना विचारा, "हे दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला जोडता येतं का?"

प्रश्न साधा आहे, विचारायला लाजू नका. टेबलावर उद्या आपल्यापैकीच कुणीतरी असणार आहे.