आधी माणूस, मग सुडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझी सारी नोकरी एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलात गेली. पण आज मी बंबावरच्या जवानांविषयी बोलणार नाही. बंब येण्याआधी जी माणसे आगीवर धावून जातात, त्यांच्याशी मला आज बोलायचे आहे. या माणसांना पगार नाही, गणवेश नाही. कुणाच्या आखाड्यावर जाळ दिसला, की हातातला घास ताटात टाकून बादली, घागर, कुऱ्हाड, जे हाती लागेल ते घेऊन ती पळत सुटतात. परदेशात अशा लोकांची रीतसर पथके असतात, त्यांचे प्रशिक्षण होते. आपल्याकडे त्यांना वेगळे नावही नाही. 'गावकऱ्यांनी शर्थीचे प्रयत्न करून आग आटोक्यात आणली' असे वाक्य बातमीच्या शेवटी असते ना, त्यातले हे गावकरी.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. साडेचार हजार चौरस किलोमीटरचा परिसर आणि सातशेच्या आसपास गावे. बंब उभे असतात ते शहरात. आडवळणाच्या एखाद्या गावातून फोन गेला आणि बंब तत्काळ निघाला, तरी तो पोचेपर्यंत वाळलेल्या सोयाबीनच्या सुडीची बहुधा राख झालेली असते. त्यामुळे गावकरी हेच आपले पहिले अग्निशमन दल आहे आणि पुढेही राहणार आहे. मग या दलातला माणूस घरी सुखरूप परत यावा, याचा विचार कुणी करायचा?

माझ्या एका चुलत्यांची गोष्ट सांगतो. दसरा होऊन गेला होता. शेजाऱ्याच्या सुडीला रात्री आग लागली. काका अनवाणी पळाले. वरच्या पेंढ्या ओढून बाजूला टाकाव्यात म्हणून सरळ सुडीवर चढले. वरून सुडी भरीव दिसत होती, पण आग आतून पोखरत गेली होती. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत निखाऱ्यात गेले. लोकांनी ओढून काढले म्हणून जीव वाचला. शेजाऱ्याची निम्मी सुडी वाचली खरी, पण काका चार महिने अंथरुणावर होते. त्या वर्षी त्यांची रब्बीची पेरणी झाली नाही. दवाखान्यात जो पैसा गेला, त्यात तशी एक अख्खी सुडी विकत आली असती. लोक आजही काकांच्या धाडसाचे कौतुक करतात. मला मात्र वाटते, सुडीवर चढायचे नसते एवढी एक गोष्ट त्यांना आधी कुणी सांगितली असती तर?

म्हणून आज धाडसाच्या गोष्टी नकोत. काही साध्या सवयी सांगतो.

पहिली सवय, एक मिनिट थांबण्याची. आगीपाशी पोचलात की लगेच पाणी फेकू नका. तीन प्रश्न विचारा. आत कुणी माणूस आहे का? आत काय भरले आहे? वीज चालू आहे का? आखाडा म्हणजे नुसते गवत आणि कडबा नव्हे. तिथे फवारणीच्या औषधांचे डबे असतात, खताची पोती असतात, डिझेलचा कॅन असतो, कधी गॅसची टाकीही असते. कीटकनाशक जळताना निघणारा धूर विषारी असतो. तिथे वाऱ्याच्या उलट्या अंगाला उभे राहून शौर्य दाखवण्यात अर्थ नाही. गॅसची टाकी जाळात सापडली असेल तर लोकांना लांब काढा. गोठ्यातली गुरे दावी कापून सोडा, पण ती दारातून हात पोचेपर्यंतच.

'आत काय आहे' या प्रश्नाची किंमत मुंबईने फार मोठी मोजली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. त्या एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि शेकडो टन स्फोटके भरलेली होती. जवान पाणी मारीत राहिले आणि दुपारी चारच्या सुमारास जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसे गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो. कापूस आपल्याकडेही घराघरांत भरलेला असतो. त्याच खोलीत आणखी काय ठेवले आहे, हे निदान घरच्यांना तरी ठाऊक असावे.

विजेबद्दल एवढेच सांगतो, की प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नका. डीपीवर चढून फ्यूज काढण्याचा पराक्रम करू नका. लाईनमनचा आणि वीज उपकेंद्राचा फोन नंबर गावात दहा जणांकडे असलाच पाहिजे. तुटून पडलेल्या तारेजवळ अंधारात पाय टाकू नका.

दुसरी सवय पोशाखाची. आग म्हटल्यावर कपडे कोण बदलत बसणार, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण पायात काय घालायचे, हे तर दारातच ठरते. रबरी चप्पल वितळून तळव्याला चिकटते. चामड्याचा बूट घालायला अर्धे मिनिट पुरते. नायलॉनचा किंवा टेरिकॉटचा शर्ट पेटला की वितळतो आणि कातडीला चिकटून बसतो. त्यापेक्षा सुती, पूर्ण बाह्यांचा शर्ट बरा. पाणी भरून देणाऱ्या बायकांनी पदर खोचून घ्यावा, ओढणी काढून ठेवावी. आणि हातात बॅटरी हवीच. रात्री आगीकडे पळताना बिनकठड्याच्या विहिरीत माणूस पडू शकतो. गंजीखालून बाहेर पडलेल्या सापावर पाय पडू शकतो. जाळाकडे बघून डोळे दिपलेले असतात, पायाखालचे दिसत नाही.

तिसरी सवय, उभे कुठे राहायचे याची. वारा नेहमी आपल्या पाठीवर असावा. उन्हाळ्यात धुरे पेटवून दिले जातात आणि आग शेजारच्या रानात शिरते. अशी आग विझवताना जळून काळ्या झालेल्या बाजूने काम करा, कारण तिथे पुन्हा जळायला काही उरलेले नसते. वाळल्या गवतात, आगीच्या तोंडासमोर उभे राहू नका. माळावर चढाच्या अंगाला तर मुळीच नको. आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते. परतीची वाट कुठे आहे, हे आधी बघून ठेवा.

घराच्या आगीत वर बघायला शिका. आपल्या मराठवाड्यात अजून माळवदाची घरे आहेत. खाली लाकडी सरे आणि किलचन, वर मातीचा जाड थर. सरा जळून बारीक झाला, वरून पाण्याने माती जड झाली, की छत एकदम खाली येते. सिमेंटचे पत्रे तापले की फटाक्यासारखे फुटतात. पडणारी इमारत अनुभवी माणसालाही सोडत नाही. मे २०१५ मध्ये मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या इमारतीला आग लागली आणि इमारतीचा भाग कोसळला. मुंबईचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाचे चार अधिकारी त्या आगीत आपण गमावले. ज्यांचा सारा जन्म या कामात गेला होता, त्यांच्यावर ही वेळ आली. आपण बादली घेऊन माळवदाखाली शिरणार असू, तर आधी विचार करायला हवा.

आता धुराबद्दल. तोंडाला ओला रुमाल बांधला की धुराचे भय नाही, असा आपला समज आहे. ओल्या रुमालाने काजळी थोडीफार अडते, विषारी वायू अडत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आधी डोके जड होते, मग गरगरते, मग पाय उचलत नाहीत. आपण गुदमरतो आहोत हे कळेपर्यंत बाहेर येण्याचे बळ संपलेले असते. म्हणून धुराने भरलेल्या बंद खोलीत सामान काढायला कुणीही जाऊ नये. पेटीतले दागिने असोत, की बियाण्याचे पोते असो. मागे राहिलेली वस्तू पुन्हा घेता येते.

चौथी सवय, दमण्याआधी बाजूला होण्याची. आग विझवणे हे फार अंगमेहनतीचे काम आहे. अमेरिकेत कामावर मरण पावणाऱ्या अग्निशामकांपैकी जवळजवळ निम्मे जण भाजून किंवा गुदमरून नव्हे, तर हृदय बंद पडून जातात. त्यांच्यात स्वयंसेवक बरेच असतात. जेवण करून निवांत बसलेला पन्नाशीचा माणूस एकदम पळतो, वजन उचलतो, उष्णता आणि धूर सोसतो. हृदयावर केवढा ताण येत असेल! ज्यांना रक्तदाब आहे, साखर आहे, पूर्वी छातीत दुखले आहे, त्यांनी मोटार चालू करण्याचे, फोन करण्याचे, बंबाला रस्ता दाखवण्याचे काम घ्यावे. ही कामे हलकी असली तरी कमी महत्त्वाची नाहीत. चुकीच्या पांदीत शिरलेला बंब काय कामाचा? बाकीच्यांनी दहा-पंधरा मिनिटांनी पाळी बदलावी. बाजूला येऊन सावकाश पाणी प्यावे. छातीत कळ आली, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर 'पित्त झाले असेल' म्हणून बसू नका. १०८ ला फोन करा. आणि दारू प्यालेल्या माणसाला आगीजवळ येऊ देऊ नका, मग तो कितीही जवळचा असो.

अंगावरचे कपडे पेटले तर पळू नका. पळाल्याने जाळ वाढतो. थांबा, आडवे व्हा, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागेवर साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. आणि हळदही नको. हळदीची मोठी बाजारपेठ असलेल्या वसमतच्या परिसरात हे म्हणणे धाडसाचे आहे, पण हळद शिजवताना अंगावर वाफ आली तरी हाच नियम आहे. अंगठी, कडे सूज येण्याआधी काढा. चिकटलेले कापड ओढू नका. फोड फोडू नका.

पाचवी सवय आग विझल्यानंतरची. ती आपल्याकडे अजिबात नाही. आग विझली की आपण तिथेच चहा मागवतो, राखेने भरलेल्या हातांनी बिडी पेटवतो, त्याच कपड्यांनी घरी येऊन पोराला उचलून घेतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाच्या व्यवसायाचा समावेश कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींत केला. वर्षातून एकदा धावून जाणाऱ्या गावकऱ्याने त्याने घाबरून जाऊ नये. पण काजळी ही नुसती काळी माती नाही, एवढे त्यातून कळते. चहाआधी हाततोंड साबणाने धुवा. घरी गेल्यावर कपडे बाहेरच उतरवा, वेगळे धुवा, आंघोळ करा. त्या रात्री आवाज घोगरा झाला, थुंकीत काजळी आली, नाकातले केस जळलेले दिसले, तर सकाळपर्यंत थांबू नका. श्वासनलिका आतून सुजत असते. तिथल्या तिथे दवाखाना गाठा.

आणि निघण्यापूर्वी माणसे मोजा. किती आलो होतो, किती आहोत. जो दिसत नाही तो 'घरी गेला असेल' असे धरून चालू नका.

श्रोतेहो, या सगळ्याला खर्च किती आहे? फारसा नाही. दरवर्षी अग्निशमन सप्ताहात गावात एक संध्याकाळ द्या. कुणाच्या विहिरीला पाणी आहे, कुणाची मोटार चालू आहे, याची यादी करा. आगीच्या वेळी एकाच माणसाचा शब्द मानायचा, तो माणूस कोण, हे ठरवा. त्याने स्वतः बादली उचलायची नाही, फक्त सगळ्यांवर लक्ष ठेवायचे. अग्निशमनासाठी १०१ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. जवळच्या नगरपालिकेच्या दलाला बोलवा. शिकवायला आलेल्या जवानाला चहापलीकडे काही लागत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

माझे काका आता नाहीत. शेवटपर्यंत ते थोडे लंगडत चालत. सुगीच्या दिवसांत पोरे त्यांच्याभोवती जमली, की ते धोतर वर करून पायावरचे व्रण दाखवीत आणि म्हणत, धावून जा रे, पण चढू नका. आज मी जे एवढे बोललो, ते त्यांनी तेवढ्या शब्दांत सांगितले होते. शेजाऱ्याच्या आगीवर धावून जाण्याची आपली रीत फार चांगली आहे. ती सोडू नका. पण धावून गेलेला माणूस आपल्या पायांनी घरी यायला हवा, हीही रीत आता आपण पाडू या.